लिमयांच्या गाडीचा पत्रा

आमच्या घरात एकाही भांड्यावर त्याचं स्वतःचं झाकण नव्हतं. दुधाच्या पातेल्यावर कुठल्यातरी जीपचा पत्रा, पिठाच्या डब्यावर टेम्पोचा, आणि कोरफडीच्या कुंडीखाली एका जुन्या गाडीचा, तोही मधोमध भोक असलेला. पाहुणे विचारायचे, हे काय हो? आई म्हणायची, "आमच्या यांची कमाई." इंजिनातला जळका धूर ज्या लोखंडी नळकांड्यातून बाहेर पडतो, ते तापून लाल व्हायला येतं. म्हणून त्यावर कंपनी एक वाकवलेला पत्रा बसवते, तीन बोल्टांवर. वर्षा-दोन वर्षांत बोल्ट गंजतात आणि पत्रा खडखडायला लागतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला गाडी चालली नाही तर एक वेळ चालेल, पण खडखड अजिबात खपायची नाही. त्यावर आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एकच औषध होतं, "वाजतंय ते काढ." पत्रा काढायचा, आईकडे द्यायचा, विषय संपला. वारज्यातलंच नाही, कुठलंही गॅरेज घ्या, तेव्हा सगळे हेच करायचे. त्या पत्र्याचं काही काम असेल असं कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. आमच्या डोळ्यांना पत्रा नसलेलं इंजिनच पुरं वाटायचं.

वारज्याला हायवेच्या बाजूला पुढे गॅरेज आणि मागे आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी जाग यायची ती आईच्या स्टोव्हच्या आवाजाने, त्याच्या पाठोपाठ आप्पांचं शटर वर जायचं आणि मग दिवसभर ट्रक. लसणाच्या फोडणीचा आणि ग्रीसचा वास आमच्याकडे असा एकजीव झाला होता की मला दुसऱ्यांच्या घरचं जेवण अळणी लागायचं. आप्पा पूर्वी चिंचवडला एका कारखान्यात होते. नवी धोरणं आली, नवी मशिनं आली, आणि युनियनच्या ज्या पुढाऱ्याने "काही होणार नाही, निवांत झोपा" असं सांगितलं होतं, त्यानेच एक दिवस राजीनाम्याचे कागद सहीसाठी पुढे केले. आप्पांनी सही केली आणि त्या दिवसापासून कोणावरही विश्वास ठेवायचा नाही असा कानाला खडा लावला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, आप्पा पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. ऑइलच्या कॅनवर खडूने खूण करायचे. दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर उभा करून बघायचे. मी हसले तर विचारायचे, "कशाला हसलीस?" आणि नाही हसले तर, "आज गप्प का?"

या सगळ्यात एकच माणूस खूण न करता ठेवलेला होता, तो म्हणजे साळवेकाका. कारखान्यात दोघे एकाच पाळीला, एकाच बाकावर. सह्याही एकाच दिवशी केल्या. आप्पांनी गॅरेज काढलं तेव्हा कोपऱ्यातलं टेबल काकांना दिलं, वायरिंगच्या कामासाठी. काका धायरीचे, बारीक अंगाचे, बोलणं हळू. रोज मोपेडवरून यायचे. त्यांच्या खिशात एक टेस्टर असायचा, टोकदार सळई, आत बारका दिवा आणि मागे लोंबणारी वायर. वायरीत करंट असला की दिवा लागतो. काका म्हणायचे, "माणसाला आसं टोचून बघता येत न्हाई, म्हनून वायरी बऱ्या." रविवारी सकाळी ते आमच्याकडे वंदनेला यायचे. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून आम्ही चौघं त्रिसरण-पंचशील म्हणायचो आणि मग आई मटकीची उसळ वाढायची. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होते, वर्गात एकटी मुलगी. तरी आप्पा मला गॅरेजात पाना धरू देत नव्हते. काकांनीच त्यांना गळ घातली. "अरं, पोरगी इंजिनं शिकतीय, आन तू तिला भाकरी थापायला बशिवतो?" शेवटी आप्पा कबूल झाले, पण अट घालून. "एक चूक झाली की थेट घरात. परत गॅरेजची पायरी चढायची नाही." तेव्हा मला त्या पायरीहून प्रिय जगात काही नव्हतं. आजही फार काही आहे असं नाही.

अशात लिमये आले. कोथरूडचे, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दोन वर्षं परदेशात राहून आलेले. त्यांची गाडी टर्बोची होती. वारज्यात अशी गाडी तेव्हा कोणी उघडून बघितलेली नव्हती. आप्पांनी बॉनेट वर केलं आणि एखाद्याच्या घरात चुकून शिरल्यासारखे मागे सरकले. बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवायचा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, अशी ती रचना. म्हणजे तापलेला धूर तिथे आणखीनच अडून राहणार. आता हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, तेव्हा पुस्तकात एक परिच्छेद होता, तोही परीक्षेला नव्हता. लिमयांची तक्रार मात्र आमच्या ओळखीची होती. "अहो, पुढे काहीतरी खडखडतंय. आणि हे बघा, गाडीतला प्रत्येक पार्ट मूळ आहे. गाडी परत नेतानाही तो मूळच असावा, एवढीच माफक अपेक्षा." आप्पांचा चेहरा कडू झाला. संशय घेण्याचा मान आपल्या घरात आपलाच, असं त्यांना वाटायचं.

खडखडत होता तो पत्राच. आप्पा मला म्हणाले, "तिन्ही बोल्ट आवळ. नव्या जातीची गाडी आहे, काढू-बिढू नकोस काही. अडलं तर मला हाक मार." गिऱ्हाइकाच्या गाडीला लागलेला तो माझा पहिला पाना. पहिला बोल्ट आवळला. दुसऱ्याला जोर लावला आणि त्याचं डोकं कट्‌कन तुटून माझ्या हातात आलं. पाना घसरून शेजारी दोन ओरखडे उठले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. आप्पा बाहेर टेम्पोखाली झोपून काम करत होते. हाक मारली असती तर पायरी गेली असती. मग मी तेच केलं जे त्यांनी शंभरदा केलेलं मी बघितलं होतं. उरलेले बोल्ट सोडले, पत्रा काढला, मागच्या दाराने आईला नेऊन दिला आणि तुटलेलं डोकं माझ्या कंपासपेटीत टाकलं. खडखड थांबली. लिमये चक्कर मारून आले आणि म्हणाले, "वा, याला म्हणतात काम." आप्पांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "जमलं." बस्स, एवढा एकच शब्द. तो शब्द मी लबाडीने मिळवला होता, आणि तरी दिवसभर मला हवेत चालल्यासारखं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही, हे आज इथे लिहून टाकते.

आठवड्याने गाडी टो होऊन आली. लिमये खंबाटकीचा घाट चढून गेले होते, तोवर गाडी झकास होती. वर चहाला थांबले आणि वीसेक मिनिटांनी परत येऊन बघतात तो बॉनेटखालून धूर. स्टार्टरची जाड वायर वितळली होती. काकांनी ती बदलली. बदलताना आत बराच वेळ डोकावत राहिले आणि म्हणाले, "आप्पा, हितं पत्रा असायला पायजे का रं?" आप्पा कार्ब्युरेटर धुवत होते. वर न बघताच म्हणाले, "असेल नसेल. सगळ्यांचेच काढतो आपण. तू वायरीचं बघ." काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून स्वच्छ जमीन झाडायला लागले. नवी वायर काकांनी आच सोसणाऱ्या, काचेच्या धाग्यांच्या पांढऱ्या पट्टीने गुंडाळली, अगदी बाळाचा हात गुंडाळावा तशी.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. आप्पांच्या डोक्यात दोन गोष्टी घुसल्या. एक, गाडी चालताना काही होत नाही, उभी असताना जळते, म्हणजे यात कोणाचा तरी हात आहे. दुसरी, कोथरूडला काचेच्या भिंतींचं नवं वर्कशॉप निघालं होतं आणि तिथल्या लोकांनी काकांना नोकरीसाठी बोलावलं होतं. हे काकांनीच सांगितलं होतं, "जात न्हाई मी" हेही सांगितलं होतं. पण संशयाला कान एकच असतो. आप्पा आईला म्हणाले, "गुंडाळतो कशाला? ज्याला लपवायचंय तो गुंडाळतो. आत जुनी वायर घातली असणार." आई म्हणाली, "अहो, साळवेभाऊजी आहेत ते!" आप्पा म्हणाले, "तो पुढारीपण भाऊजीच होता." पुढे लिमये गाडी तेल बदलायला घेऊन आले तेव्हा काका जेवायला गेले होते. आप्पांनी बॉनेट उघडलं आणि ब्लेडने ती पांढरी पट्टी टराटरा कापून काढली. आत वायर कोरी करकरीत होती. आप्पा क्षणभर तशीच हातात धरून उभे राहिले. मग पट्टीचा बोळा करून त्यांनी कचऱ्यात टाकला आणि बॉनेट लावलं. परत गुंडाळायला बसले असते तर काकांनी विचारलं असतं ना! मी चहा घेऊन दारात उभी होते. मी बघितलं हे त्यांना कळलं की नाही, माहीत नाही.

चार दिवसांत गाडी पुन्हा टो होऊन आली. या खेपेला सिंहगडावरून, तीच वायर जळून. लिमये खुर्चीत बसले, पाय पुढे केले आणि म्हणाले, "गाडी दुरुस्तीला दिली होती मी. तुम्ही बहुतेक भट्टी लावायला घेतलीत. आता असं करा, मला फक्त नाव सांगा. कोणाचं काम आहे हे?" आप्पा हळूच म्हणाले, "रविवारपर्यंत सांगतो." अगं बाई! म्हणजे नाव ठरलं होतं तर!

रविवारी काका नेहमीसारखे आले. पंचशील म्हणायला सुरुवात झाली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे मी नुसतेच ओठ हलवले, आणि ऐकलं तर आप्पांचाही आवाज येत नव्हता. आई आणि काका दोघंच म्हणत होते. आईने उसळीच्या ताटल्या ठेवल्या आणि आप्पांनी हात न लावता विचारलं, "साळवे, त्या काचेच्या वर्कशॉपला जायचं तर सरळ जा. जाताना माझं गिऱ्हाईक कशाला पळवतोस? माझं नाव कशाला जाळतोस?"

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते म्हणाले, "दुसऱ्यांदा वायर जळली, तवा मी बघितली. तिच्यावर पट्टी न्हवती. पट्टी कुनी काढली, आप्पा?"

"कसली पट्टी?" आप्पा म्हणाले.

मेणबत्ती अजून जळत होती हो. शील म्हणून दहा मिनिटं झाली नव्हती. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम होतं. पण आप्पांचं खोटं सांगायचं तर माझंही सांगावं लागणार, आणि कंपासपेटी कपाटात होती. काकांनी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ताटलीवर ताटली उपडी घातली म्हणजे उसळ निवू नये. उठले. गॅरेजात जाऊन टेस्टर खिशातून काढला आणि टेबलावरच्या खिळ्याला अडकवला. मोपेड सुरू झाल्याचा आवाज आला. आई आप्पांना म्हणाली, "आज तुम्ही घरातला माणूस घालवलात." आप्पा म्हणाले, "वाजत होता." आणि उसळ न खाता आत गेले.

दोन दिवसांनी मी कॉलेजातून आले तर आई ओट्यापाशी कोणाला तरी शिव्या घालत होती. "आग लागो या डब्याला!" स्टोव्हच्या शेजारी आमचा मिठाचा प्लॅस्टिकचा डबा होता, तो एका अंगाला पाघळून वाकडा झाला होता. मी म्हटलं, "तो तर कधीपासून तिथेच असतो की." तर म्हणाली, "असतो, पण मध्ये तो पत्रा उभा असतो ना, तू दिलेला, त्या लिमयांचा! चांगला आहे हो तो. दोन पदरी आहे, मध्ये कसलं तरी पांढरं भरलंय. इकडून स्टोव्ह भडकला तरी तिकडून हात लावता येतो. आज घासायला काढला तर बघ हे. स्टोव्ह बंद केला तेव्हा डबा धड होता, मागाहून वाकला मेला." मी ओट्याला धरून उभी राहिले. स्टोव्ह बंद केल्यावर, मागाहून. गाडी चालते तोवर समोरून वारा येतो, पंखा फिरतो. घाट चढून तापलेली गाडी थांबवली, किल्ली काढली, की सगळी आच झाकलेल्या बॉनेटखाली कोंडते आणि वर चढते. कोणाचाही हात नव्हता. होता तो माझा.

त्या संध्याकाळी मी आप्पांसमोर एका हातात पत्रा आणि दुसऱ्या हातात बोल्टचं डोकं घेऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते डोकं उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, "त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही माझ्यावरचा विश्वास काढून घेतला असतात म्हणून." मग, कुठून धीर आला कोण जाणे, पुढे म्हटलं, "आणि पट्टी तुम्ही काढलीत, ते मी बघितलंय." ते मारतील असं वाटलं होतं. ते खाली बसले आणि तोंडावरून हात फिरवला. रविवारी मला त्यांचा जितका राग आला होता, तितकीच आता त्यांची दयाही आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अडकलेला बोल्ट ड्रिलने काढला, आटे नवे पाडले, पत्रा बसवला आणि वायरीला पट्टी गुंडाळली. गुंडाळी वेडीवाकडी झाली, त्या कामात त्यांना कधीच गती नव्हती. मग लिमयांना सोबत घेऊन आम्ही सिंहगडावर गेलो. वर गाडी बंद केली आणि तिघं बॉनेटकडे बघत उभे राहिलो. लिमयांनी घड्याळ लावलं होतं. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, अर्धा तास झाला. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फटक्याला सुरू. लिमये म्हणाले, "म्हणजे वायरमन बदललात तर." आप्पा म्हणाले, "वायरमनची चूक नव्हती. आमची होती. घरातली." एवढं तरी बोलले. माझं नाव घेतलं नाही, आणि मला पायरीवरून उतरवलंही नाही.

काकांकडे मात्र मलाच पाठवलं. "जा, सांग त्याला, ये म्हणावं." मी धायरीला गेले. काका अंगणात कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मी म्हटलं, "काका, तो पत्रा मी काढला होता."

"ठाव हाय," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी बघितलं. बोल्ट तुटल्याला, आन बाजूला पान्याचे वरखडे. आप्पाचा हात कधी घसरत न्हाई. ते नव्या हाताचं काम."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"बोललो आसतो तर तू आज घरात बसली आसतीस. मला वाटलं, पट्टी गुंडाळून भागंल. भागलं बी आसतं." मला रडू फुटलं. ते मिक्सरचे स्क्रू काढत राहिले. माझं रडणं आवरल्यावर म्हणाले, "आप्पा सोता आला का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग येईल तवा बघू. तू मातुर शीक."

आप्पा कधीच गेले नाहीत. रोज म्हणायचे, "जाईन रविवारी," आणि रविवार आला की कुठल्यातरी गाडीचं काम निघायचं. मात्र वायरिंगचं काम घेऊन आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "धायरीला साळवेकडे जा. दुसऱ्या कोणाकडे जाऊ नका, वाटोळं होईल." काकांनी तिकडे छोटं दुकान टाकलं होतं, ते निम्मं आमच्या गिऱ्हाइकांवर चालायचं. आमच्या गॅरेजात पत्रे काढणं बंद झालं. वाजणाऱ्या पत्र्याचे बोल्ट बदलायचे, असा नियम आला, आणि आईला बाजारातून खरी झाकणं आणावी लागली. मी पुढे इंजिनं तपासणाऱ्या एका कंपनीत लागले. धुराची आच कुठून कुठे जाते हे मोजण्यात माझी नोकरी सरली. तिथे यंत्रं काटेकोर सांगतात की अमुक ठिकाणी इतकं तापलं. माणसांच्या बाबतीत असं मोजता आलं असतं तर, असं मी पुष्कळदा मनात म्हटलंय.

आप्पा वारले तेव्हा काका आले. पुष्कळ थकले होते, नातवाचा हात धरून आले. त्रिसरण त्यांनीच म्हटलं, सगळं, न अडखळता. लोक गेल्यावर गॅरेजात शिरले आणि आपल्या जुन्या टेबलापाशी उभे राहिले. टेस्टर खिळ्यालाच होता. मी म्हटलं, "काका, इतकी वर्षं कोणी हातसुद्धा लावला नाही त्याला. आप्पा लावूच द्यायचे नाहीत."

काकांनी तो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग मलाही दिसलं. त्यावर धूळ नव्हती. मागची जुनी चिरलेली वायर जाऊन तिथे नवी आली होती, आणि तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत पांढरी काचेची पट्टी होती. जाड, वेडीवाकडी, मध्येच सुटलेली आणि पुन्हा घट्ट आवळलेली.

काकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "बघ की कसं गुंडाळलंय. शेवटपातूर जमलं न्हाई गड्याला." आणि तिथेच स्टुलावर बसून लहान पोरासारखे रडले.